जुन्या थाटाचं लग्न आणि हिशोबाची वही



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या जिल्ह्यात लग्नांची बोलणी सुरू होतात. धानाची मळणी होऊन हाती थोडा पैसा आला की साक्षगंधं ठरू लागतात आणि एप्रिल-मेमध्ये खरी धूम उडते. नेमका तोच तेंदूपानाचा हंगाम. पहाटे जंगलात पानं तोडायची, दुपारी पुडे बांधायचे आणि संध्याकाळी वरातीला उभं राहायचं, असं सालेकसा-देवरीकडच्या कितीतरी बायकांचं वेळापत्रक असतं.

अलीकडे या धामधुमीत एक नवा शब्द ऐकू येतो, ‘विंटेज लग्न’. म्हणजे जुन्या थाटाचं. आजीच्या काळासारखं लुगडं, नाकात नथ, पितळेच्या समया, बैलगाडीतून नवरीचं येणं, केळीच्या खुंटांची सजावट आणि हे सगळं टिपणारे पिवळसर, जुन्या वाटणारे फोटो. गोंदिया, तिरोडा, आमगावच्या मुलीही मोबाइलवर अशी लग्नं पाहतात आणि विचारतात, “ताई, असं लग्न कमी पैशांत होईल का?”

या प्रश्नावर नाक मुरडायचं कारण नाही. आपल्या चळवळीतल्या काहीजणींना ‘हौस’ हा शब्दच संशयास्पद वाटतो. पण ज्या मुलीने वयाच्या दहाव्या वर्षापासून भावंडं सांभाळली, रोवणीला गेली, कॉलेजची फी स्वतःच्या शिवणकामातून भरली, तिला एक दिवस सुंदर दिसावंसं वाटलं तर त्यात गैर काय? सुंदर दिसण्याला आमची हरकत नाही. आमचा प्रश्न पैशांचा आहे. तो कोण कमावतो, कोण खर्च करतो आणि वाचला तर कोणाच्या नावावर राहतो, हे विचारल्याशिवाय स्वस्त लग्न आणि महाग लग्न यांतला फरक कळत नाही.

आधी ‘जुनं’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या झाडीपट्टीत लग्न दारातच लागायचं. बांबूचा मांडव, त्यावर आंब्या-जांभळाचे डहाळे. जेवायला पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण. भात घरच्या धानाचा, जमलं तर वासाच्या चिन्नोरचा. वांग्याची भाजी, वरण, बुंदी. अनेक गावांत मोठी भांडी वर्गणीतून घेतलेली, गावाच्या मालकीची असत आणि ती एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरत. लग्नाचं वस्त्रही फार लांबून येत नसे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवायचे, कोसा गोळा करायचा, हे काम आपल्याकडे ढीवर समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. त्या कोशाचं सूत काढून भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावचे विणकर करवतकाठी लुगडी विणत. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते म्हणून ‘करवतकाठी’. आंदणातली पितळेची भांडी भंडाऱ्याची. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘विंटेज’ लग्नाचं सगळं सामान आपल्या पन्नास-साठ मैलांच्या आत तयार होत होतं.

मग हे सामान कुठे गेलं? मांडवाच्या जागी बिछायत केंद्राचा पडद्यांचा मंडप आला, दाराच्या जागी लॉन आलं, पत्रावळीच्या जागी थर्माकोलची आणि प्लास्टिकची ताटं आली, आणि सनई-डफड्याच्या जागी डीजे. घरातली पितळी भांडी आपणच मोडीत घातली. आता तीच समया, तीच घंगाळं, तीच बैलगाडी दिवसाच्या भाड्याने परत येते आहे. जे आपलं होतं ते विकून टाकायचं आणि पुन्हा भाड्याने आणायचं, याला थाट म्हणायचं की उधारी?

म्हणून जी मुलगी आम्हाला विचारते तिला पहिलं उत्तर असं, की दुकानात जाण्याआधी घरातली पेटी उघड. आजीचं लुगडं, मावशीचा शालू, काकूची नथ, शेजारच्या घरातली समई. नवी अस्सल करवतकाठी स्वस्त मिळत नाही आणि मिळूही नये, कारण तिच्यात कोसा वेचणाऱ्याचे, सूत काढणाऱ्या बाईचे आणि विणकराचे हात असतात. घेता आली तर थेट विणकराकडून घ्या. नाही जमलं तर जुनी घाला. ज्या साडीला घरातल्या तीन बायकांचा इतिहास आहे, ती भाड्याच्या लेहंग्यापेक्षा फोटोतही अधिक खुलते.

पण इथे थोडं थांबायला हवं. जुनं म्हटलं की आपण गहिवरतो आणि गहिवरलेली बाई चटकन फसते. दारातला मांडव स्वस्त का होता? त्यातली निम्मी स्वस्ताई बायकांच्या फुकट श्रमांची होती. चार-चार दिवस हळद कुटायची, डाळ निवडायची, चुलीपुढे बसून शेकडो पोळ्या लाटायच्या, सगळ्यांचं आटोपल्यावर उरलंसुरलं जेवायचं आणि मग भांडी घासायला बसायचं. पुरुष पानसुपारी घेऊन मानपानाच्या वाटाघाटी करत. त्याच जुन्या लग्नात मुलगी बारा-तेरा वर्षांची असे. त्याच लग्नात नवरीची आई विधवा असली तर हळदीच्या वेळी तिला आतल्या खोलीत बसावं लागे. आणि बापाने सावकाराकडून काढलेलं कर्ज फेडायला भाऊ सालगडी म्हणून राबत असे.

गोंड समाजात हुंडा नव्हता, उलट मुलीच्या घरी देज दिलं जाई, हेही आपण अभिमानाने सांगतो. खरंच, मुलीला ओझं न मानणारी ती रीत होती. पण देज बापाच्या हाती जाई, मुलीच्या नव्हे. आणि आता शिकलेल्या, नोकरीवाल्या घरांत ते देजही मागे पडून हुंडा शिरू लागला आहे. म्हणजे जुन्यातलं जे थोडं बाईच्या बाजूचं होतं तेवढं आपण टाकलं आणि दागिने, मिरवणूक, मानपान तेवढं ठेवलं.

तेव्हा जुनं निवडायचंच, तर निवडून घ्यावं. आणि निवडताना आणखी एका जुन्या लग्नाची आठवण ठेवावी.

२५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात एक लग्न लागलं. मुलीचं नाव राधा, मुलाचं सीताराम. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. हे त्या समाजाच्या पद्धतीने झालेलं पहिलं लग्न. नवरी सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची मुलगी. लग्नासाठी सावित्रीबाईंनी स्वतः पुढाकार घेतला. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च अगदी नावापुरता. विरोध होणार हे माहीत असूनही लग्न लागलं. पुढे १८८७ मध्ये जोतिरावांनी सत्यशोधक विधींची पुस्तिका छापली. तिच्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा त्यांना त्यांचे हक्क देण्याची शपथ घे, असं वधू वराला सुनावते आणि वर सर्वांसमक्ष तसं वचन देतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या मांडवात नवरी मान खाली घालून उभी नव्हती, ती बोलत होती. याहून जुना आणि याहून नवा थाट कोणता?

ही परंपरा आपल्या विदर्भातही खोल रुजलेली आहे. गाडगेबाबांनी कीर्तनातून लग्नासाठी कर्ज काढू नका म्हणून गावोगाव सांगितलं. तुकडोजी महाराजांनी १९५५ च्या ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर आणि हुंड्यावर कोरडे ओढले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्याच वस्त्यांमध्ये पांढऱ्या वस्त्रांतली, त्रिशरण-पंचशील म्हणून लागणारी साधी लग्नं सुरू झाली. तेव्हा साधं लग्न म्हणजे शहरी बायकांचं फॅड, असं कोणी म्हटलं तर त्यांना हा इतिहास सांगावा.

आता बेत कसा करायचा, याबद्दल थोडं. आमच्या ओळखीच्या काही मुलींनी अशी लग्नं केली आहेत. त्यांच्या अनुभवातून चार गोष्टी हाती लागल्या.

पहिली गोष्ट माणसांची. खर्च सजावटीने वाढतो त्याहून जास्त पंगतींनी वाढतो. आधी यादी करा, मग जागा ठरवा. दोनशे माणसांना अंगण, शाळेचं मैदान किंवा समाजमंदिर पुरतं. हजारांना लॉनच लागतं. आणि यादी करताना नवरीच्या मैत्रिणी शेवटी कापल्या जाणार नाहीत, एवढं पाहा.

दुसरी गोष्ट श्रमांची. स्वयंपाक गावातल्या बचत गटाला द्या आणि त्याची रीतसर मजुरी द्या. पत्रावळी पळसाच्या घ्या. त्या लावणाऱ्या बायकांना चार पैसे मिळतील आणि दुसऱ्या दिवशी नाल्यात प्लास्टिक साचणार नाही. वाढप आणि भांडी पुरुषांकडे द्या. हे झालं तर दारातला मांडव स्वस्तही राहील आणि कोणाच्या पाठीवर उभा राहणार नाही.

तिसरी गोष्ट विधींची. कोणता विधी ठेवायचा आणि कोणता गाळायचा हे नवरा-नवरीने बसून ठरवावं. मुलगी म्हणजे दान देण्याची वस्तू नाही असं वाटत असेल तर कन्यादान गाळा. हळद लावायला पहिला मान विधवा आईला किंवा आत्याला द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. आपल्या गावाने तो ठराव केला नसेल तर मांडवातच करून दाखवा. फोटो तेव्हाच काढा. तो फोटो पुढच्या पिढीला खरोखर जपावासा वाटेल.

चौथी गोष्ट कायद्याची. विधी न करता लग्न करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुलगी १८ वर्षांची, मुलगा २१ वर्षांचा, जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवस आधी नोटीस आणि सही करायला तीन साक्षीदार. दोघांपैकी एकाने नोटिशीआधी किमान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेलं असावं. ही नोटीस कार्यालयात लावली जाते, म्हणून घरचा विरोध असलेल्या जोडप्यांनी आधी सल्ला घ्यावा. हिंदू विवाह कायद्याखाली मात्र विधी न करता फक्त नोंदणीचा कागद मिळवला तर लग्न झालं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. लग्न कोणत्याही पद्धतीने लागलं तरी नोंदणी करायला विसरू नका. नांदवण्याचं असो की पोटगीचं, प्रकरण पुढे गेलं की हा कागद कामाला येतो. महिला व बालविकास विभागाची शुभमंगल योजना सामूहिक लग्नांप्रमाणे नोंदणी पद्धतीच्या लग्नांनाही अनुदान देते. अटी आणि रक्कम बदलत असतात, म्हणून गोंदियाच्या जिल्हा कार्यालयात आधी विचारून घ्या.

इथवर वाचून एखादी म्हणेल, चला, साध्या लग्नाचा बेत ठरला, प्रश्न मिटला. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

समजा, एका घराने मुलीच्या लग्नासाठी चार लाख रुपये धरले होते. मुलीने हट्टाने साधं, जुन्या थाटाचं लग्न केलं आणि दीड लाखात भागवलं. वाचले अडीच लाख. कुठे गेले? आम्ही समुपदेशनाला येणाऱ्या घरांत हा प्रश्न विचारतो तेव्हा बहुधा शांतता पसरते. कधी भावाच्या मोटरसायकलला गेलेले असतात, कधी घराच्या स्लॅबला. आणि कधी, हे सगळ्यात वाईट, “लग्न साधंच करू, लोकांना काय खाऊ घालायचं, त्यापेक्षा रोख द्या,” असं म्हणणाऱ्या सासरी. साध्या लग्नाच्या नावाने हुंडा असा मागच्या दाराने येतो. मांडव साधा दिसतो, वर्तमानपत्रात आदर्श विवाह म्हणून बातमीही येते आणि बंद खोलीत पाकीट फिरलेलं असतं. १९६१ च्या कायद्याने हुंडा मागणं, घेणं आणि देणं हे तिन्ही गुन्हे आहेत. लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करून ठेवावी, असे नियम १९८५ मध्ये झाले. किती घरांत ती यादी होते? आहेर कोणी किती केला याची वही मात्र घरोघर असते, कारण तो परत करायचा असतो. मुलीला काय मिळालं याची वही नसते, कारण ते तिला परत द्यावं लागेल असं कोणाच्या मनातच नसतं.

आणि लग्न महाग झालं तरी हिशोब मुलीच्याच नावावर लिहिला जातो. दहा-पंधरा वर्षांनी बाप जातो, सातबाऱ्यावर नावं चढवायची वेळ येते आणि भाऊ म्हणतो, “बाई, तुझ्या लग्नात बाबानं इतकं लावलं, आता कायचा हिस्सा मागतेस?” बहीण गप्प बसते आणि हक्कसोडपत्रावर सही करते. माहेर तुटेल ही भीती खरी असते, म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण लग्नातला खर्च म्हणजे हिस्सा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, मात्र तोवर लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क देशभरच्या मुलींना दिला, लग्न झालेलं असो वा नसो. हा हक्क जन्माने मिळतो, तेव्हा बाप हयात होता की नव्हता हे पाहायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. गोंड, हलबी अशा आदिवासी घरांना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही, म्हणून तिथली वाट अधिक बिकट आहे. पण जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्याच दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या वारसांना बरोबरीचा हिस्सा दिला. फक्त बाई आहे म्हणून हिस्सा नाकारणं समानतेच्या तत्त्वात बसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं आहे.

जे लॉनला, डीजेला, आचाऱ्याला आणि मानपानाला गेलं, त्यातला एक रुपयाही मुलीच्या हाती आलेला नसतो. ते जेवण गावाने जेवलं, तो मान पाहुण्यांना मिळाला. बिल मात्र तिच्या नावावर फाटलं आणि तिच्या जमिनीतून वसूल झालं. हफ्त्याच्या कर्जाचीही तीच तऱ्हा. मुलीच्या लग्नासाठी आई गटातून कर्ज उचलते, दर आठवड्याला फेडते, कधी एक कर्ज फेडायला दुसरं काढते. लग्नाचा अल्बम जुना व्हायच्या आत मुलगी सासरहून परत आलेली असते आणि आईचा हफ्ता अजून चालूच असतो.

म्हणून जुन्या थाटाचं स्वस्त लग्न करू म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला आमचं सांगणं आहे. मांडव बांधण्याआधी हिशोबाची वही घाल. त्यात किती धरले होते, किती लागले आणि किती वाचले हे लिही. बोलणीच्या बैठकीत चहा द्यायला जाऊ नकोस, तिथे बस. वाचलेला पैसा तुझ्या एकटीच्या नावावर बँकेत किंवा पोस्टात जाईल हे आईवडिलांकडून आधीच ठरवून घे. नवरा समजूतदार असेल तर त्याला आनंदच होईल. नसेल तर ते लग्नाआधी कळलेलं बरं. भेटींची यादी कर, दोन्ही बाजूंच्या सह्या घे आणि एक प्रत तुझ्याजवळ ठेव. आणि हक्कसोडपत्रावर सही मागायला कोणी येईल त्या दिवसासाठी ही वही जपून ठेव.

आईवडिलांनाही एक विनंती. मुलीचं लग्न थाटात केलं म्हणजे कर्तव्य संपलं, ही समजूत सोडा. तिला द्यायचं असेल तर एकर-अर्धा एकर बांधी तिच्या नावावर करा. सासरी मार पडला तर डीजेचा आवाज तिला वाचवणार नाही. स्वतःच्या नावावरचं शेत, स्वतःच्या खात्यातले पैसे आणि माहेरचं उघडं दार, हे तिघं मिळून वाचवतील.

पुढच्या अंकात आम्हाला तुमच्या लग्नांचे हिशोब छापायचे आहेत, नावं न देता. तुमच्या घरच्या, गावच्या एखाद्या लग्नाचा खर्च लिहून पाठवा. आकड्यांसोबत तीन रकाने भरा: पैसा कोणी कमावला, खर्च कोणी ठरवला आणि उरलं ते कोणाच्या नावावर आहे. तिसरा रकाना कोरा राहिला तर तसाच पाठवा. आम्ही तो कोराच छापू.

संपादक मंडळासाठी,
तुमची मैत्रीण